मराठी मजकूर वाचणारा संगणक : निवड आणि चाचणी

पीक सल्ला, खतांच्या मात्रा, फवारणीचे वेळापत्रक अशी बरीच माहिती आता संगणकावर मिळते. परंतु घरातील वडीलधाऱ्यांची नजर मंदावलेली असते, काहींना वाचता येत नाही. अशा वेळी मजकूर संगणकाकडून मोठ्याने वाचून घेता येतो. लिनक्स ही संगणक प्रणाली विनामूल्य मिळते व तिच्यावर चालणारी वाचनाची सॉफ्टवेअरही विनामूल्य मिळतात. निवड करताना आवाज किती गोड आहे हे नंतर पाहावे. मात्रा बरोबर ऐकू येते का, हे आधी तपासावे.

उपलब्ध प्रकार

१. नियमांवर चालणारे : ईस्पीक एनजी हे सॉफ्टवेअर मराठीसह शंभराहून अधिक भाषा वाचते. ते आकाराने लहान असून जुन्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालते. आवाज मात्र यंत्रासारखा येतो.

२. ध्वनिमुद्रणावरून तयार केलेले : अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या फ्लाइट या सॉफ्टवेअरसाठी मराठी आवाज उपलब्ध आहेत. हेही साध्या संगणकावर चालते.

३. न्यूरल पद्धतीचे : यात संगणकाला माणसांच्या ध्वनिमुद्रणांवरून बोलणे शिकविलेले असते. आयआयटी मद्रास येथील एआयफॉरभारत या गटाने तसेच मेटा कंपनीने मराठीसाठी असे आवाज खुले केले. आवाज स्वाभाविक वाटतो. परंतु फाइल मोठी असते व बसविण्यासाठी जाणकाराची मदत लागते. मेटाचा आवाज व्यापारी कामासाठी वापरण्यास परवानगी नाही.

चाचणी कशी घ्यावी?

आपल्या नेहमीच्या वापरातील मजकूर वाचायला द्यावा आणि वाचता न येणाऱ्या व्यक्तीला ऐकवून तिच्याकडून मात्रा वदवून घ्यावी. पुढील बाबी तपासाव्यात.

अ) दशांश : ‘०.५’ मधील टिंब वाचले गेले नाही व ‘५’ एवढेच ऐकू आले, तर मात्रा दहापट होते. पीक करपण्याचा व फवारणाऱ्यास विषबाधेचा धोका संभवतो.

ब) खतांची नावे : ‘१९:१९:१९’ हे घड्याळातील वेळेप्रमाणे वाचले जाते का, ते पाहावे.

क) संक्षेप : ‘मि.लि.’, ‘कि.ग्रॅ.’, ‘हे.’ हे शब्द पूर्ण वाचले जातात का?

ड) उच्चार : ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ वेगळा आहे. ‘जिल्हा’ व ‘जनावर’ यांतील ‘ज’ही तसाच. ‘केळी’, ‘डाळिंब’ यांतील ‘ळ’ स्पष्ट यावा.

सुधारणा

चूक आढळल्यास मजकूर अक्षरी लिहावा. उदाहरणार्थ, बोर्डो मिश्रणासाठी ‘मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर’ असे लिहावे. ‘०.५ मि.लि.’ ऐवजी ‘अर्धा मिलिलिटर’ लिहावे. प्रत्येक सूचना स्वतंत्र वाक्यात द्यावी. ईस्पीक एनजीचा मूळ वेग मिनिटाला १७५ शब्द असतो. तो १२० ते १३० वर आणल्यास ऐकणे सोपे जाते.

स्वाभाविक आवाज ऐकायला बरा वाटतो, म्हणून त्याने वाचलेला आकडाही खरा मानू नये. औषध मोजण्यापूर्वी डब्यावरील लेबल वाचता येणाऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावे.