मरळ खाणाऱ्यांनी समुद्रावर जाताना

बीड जिल्ह्यात ताजा मासा ओळखायची आमची खूण एकच. हलतोय का? माजलगावच्या धरणाकडून आलेली मरळ बाजारात घमेल्यात वळवळत असते आणि घरी नेईपर्यंत पिशवीत धडपडते. मरळीला पाण्याबाहेर हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून ती तासन्‌तास तग धरते. त्यामुळं बर्फ ही काय चीज आहे हे शिकायची वेळच आमच्यावर आली नाही. समुद्रातला मासा मात्र पाण्याबाहेर आला की काही मिनिटांत संपतो, आणि खरा धोका तिथून पुढं सुरू होतो.

डी.एड. करून कोकणात नोकरीला लागलेल्या मराठवाड्यातल्या कितीतरी मास्तरांपैकी मी एक. माझी शाळा अलिबाग तालुक्यात होती. सुट्ट्या लागल्या की केज-अंबाजोगाईकडचे पाहुणे यायचे आणि प्रत्येकाला गळ टाकायचा असायचा. एका मे महिन्यात माझे मेहुणे मित्रांना घेऊन आले. संध्याकाळी रेवदंड्याच्या खाडीवर त्यांना एका कोळी दादांनी जिताडा काढून दिला आणि लगेच बर्फात घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळी थळहून होडीनं खांदेरीच्या बाजूला गेली. तिथं कुपा लागला, एकामागून एक. कुपा म्हणजे ट्युना जातीचा मासा, गळाला लागला की हात भरून येईस्तोवर ओढतो. त्या आनंदात मासे ओल्या गोणपाटाखाली दुपारपर्यंत फळीवर पडून राहिले. किनाऱ्यावर आल्यावर थर्माकोलच्या पेटीत भरले, वर थोडा बर्फ टाकला, आणि गाडी पुणे, नगर, आष्टी, जामखेड करत निघाली. हा रस्ता चांगलाच लांबचा, आणि वर मे महिन्याचं ऊन.

दुसऱ्या दिवशी घरी काळ्या तिखटाचा रस्सा झाला. मासे धुताना वास घेतला होता, काही वावगं नव्हतं. जेवून हात धुतात न धुतात तोच मेहुण्यांचं तोंड लालबुंद झालं. कानशिलं तापली, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, अंगावर गांधी. पाठोपाठ आणखी दोघांना तसंच. डॉक्टरांनी अॅलर्जीचं औषध दिलं आणि काही तासांत उतार पडला. माझ्या बहिणीनं मात्र फक्त जिताडा खाल्ला होता. तिला काहीच झालं नाही.

पुढं कितीतरी दिवस मेहुणे सगळ्यांना सांगत फिरले की आपल्याला समुद्राचा मासा चालत नाही. मग एकदा माझ्याकडं येऊन त्यांनी सकाळी उतरलेला कुपा दुपारी खाल्ला, तो बिनबोभाट पचला. त्यांना मासा बाधला नव्हताच, बाधलं होतं ते हिस्टामिन. कुपा, बांगडा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की तळा, उकळा नाहीतर फ्रीजरमध्ये गोठवा, जात नाही. पुष्कळदा वासही येत नाही. असा मासा जिभेला कधीकधी मिरमिरतो म्हणे, पण आमच्या काळ्या तिखटात ती मिरमिर कुणाला कळणार! जिताड्यात हे द्रव्य कमी, शिवाय तो पहिल्यापासून बर्फात होता. बहीण यातल्या नेमक्या कशामुळं वाचली ते सांगता येणार नाही, बहुधा दोन्हींमुळं.

म्हणून बर्फ होडीत चढतानाच बरोबर हवा, उतरल्यावर घेतलेला उपयोगाचा नाही. मासा लागला की कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं आणि बर्फ घातलेल्या समुद्राच्या पाण्यात तो बुडवायचा. नुसत्या वरच्या बर्फापेक्षा हे पाणी माशाला चहूबाजूंनी लवकर गार करतं. परतीच्या वाटेला आतडी, कल्ले काढून टाकायचे आणि जितक्या वजनाचा मासा तितक्याच वजनाचा बर्फ, खाली, वर, मधे, पोटातसुद्धा. वितळलेलं पाणी काढत राहायचं आणि पुण्यात थांबून बर्फ पुन्हा भरायचा. एवढं जमणार नसेल तर कुपा आणि बांगडा तिथंच खाऊन यावेत. बीडला न्यायचाच झाला तर जिताडा किंवा तांबोशी न्यावी, बर्फ मात्र तेवढाच लागेल. जेवल्यावर कुणाचं तोंड लाल झालं तर डॉक्टरांना काय खाल्लं हे सांगाच, पण तो मासा कधी धरला आणि बर्फात कधी गेला तेही सांगा. श्वास अडखळला तर घरी वाट पाहत बसू नका.

जिताड्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण माझा जीव त्याच्यावर आहे. तो जन्मतो नर म्हणून आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळं गळाला लागलेलं थोरलं धूड बहुधा मादीच असतं. पावसाच्या तोंडाला ती अंडी घालते. तेव्हा ती सोडून दिली तर कोळीवाड्यात कुणी हसणार नाही. धरताना कल्ल्यात बोटं घालू नका, त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी कापते. तोंडातली गरी काढायला पक्कड वापरा.

हातानं काढायला सगळ्यात वाईट शेंगटी. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, आणि काट्याला विष. घुसलाच तर हाताला सोसेल इतक्या कडक पाण्यात जखम अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायची. हे विष उष्णतेनं निकामी होतं आणि कळ ओसरते. पाणी किती कडक आहे ते दुसऱ्याच्या हातानं बघा, कळवळणाऱ्याला अंदाज राहत नाही, तो भाजून घेतो. काटा आत मोडला असेल तर दवाखाना. आणि गळाला पोट फुगवणारा केंड आला तर त्याला परत पाण्यात सोडा. पोरांना गंमत वाटते, पण त्याचं विष शिजवूनही मरत नाही आणि त्यावर उताराही नाही.

आता पाण्याचं. धरणाचं पाणी दिवसाकाठी हललेलं आम्ही पाहिलेलं नसतं, समुद्राचं मात्र सतत चढत-उतरत असतं. मुरूडला १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. किनारा तसा उथळ दिसतो, आत किती शिरलो हे कळत नाही. भरतीचा अंदाज या किनाऱ्यावर तिथीवरून बांधतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, दिवसाही आणि रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि वेगानं चढतं. पंचाईत अशी की मासा चढत्या पाण्यातच चांगला लागतो. तेव्हा ओहोटीत उघड्या पडलेल्या सुट्या खडकावर बसायचंच नाही. मागं कोरडी वाट असलेली जागा ओहोटीतच हेरून ठेवायची. जाण्याआधी कोळीवाड्यात विचारायचं, “दादा, पाणी कधी भरंल?” आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेच्या बरंच आधी सामान गुंडाळायचं, गळाचा तंगूस ताणलेला असला तरी.