गाळाचं काय करतोस?

आळंदी देवाची

चि. निखिल यास,


फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि मागे पंप चालू असतो. म्हणून लिहायला बसलो. दुपारी टेम्पो सावलीत उभा असेल तेव्हा वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

परवा सुभाषदादांचा धाकटा लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. उठता उठता म्हणाला, "निखिलचा छोटा हत्ती रात्री मोशीच्या अलीकडे नाल्याच्या पुलावर उभा होता. मागून पाइप खाली सोडलेला." त्याच्या मनात काही नव्हतं, सहज बोलून गेला. मामीने माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे पाहवलं नाही.

अंधारात एका टेम्पोसारखा दुसरा दिसतो, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तुझ्या टेम्पोच्या मागे दाजींचं नाव रंगवलंय. ते वाचणारा माणूस चुकत नाही. आणि त्याच नावाखाली तू लिहून घेतलंयस, 'आम्ही पाणी वाया घालवत नाही.' गणपतीत ती पाटी पाहिली तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते मी तुला तेव्हा बोललो नाही. आता सांगतो. पण त्याच वेळी विचारायला हवं होतं ते आज विचारतो. गाळाचं काय करतोस?

पाणी फिरवून वापरलं म्हणजे घाण संपली, असं होत नाही. तू चार ट्रक धुतोस. चारींचं ग्रीस, जळकं ऑइल, ब्रेकची भुकटी, टायरचं काळं, चिखल, सगळं त्याच पाण्यात उतरतं. तू गाळून पाणी पुन्हा गनला देतोस, पण टाकीच्या तळाशी चारही ट्रकांचं साचतं. पूर्वी तीच घाण हजार-बाराशे लिटर पाण्यात पसरून वाहून जायची. आता ती दोन बादल्यांत येऊन बसली आहे. या दोन बादल्या रात्री नाल्यात गेल्या तर नदीच्या दृष्टीने काय बदललं? तुझं पाणी वाचलं, डिझेल वाचलं. नदीला मिळायचं ते मिळालंच.

एकदा सकाळी इथे घाटावर ये. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे फेस उठलेला असतो. साबणाचा अंश असलेलं पाणी पडताना हवा धरून ठेवतं, म्हणून तो उठतो. वारीच्या तोंडावरसुद्धा गेली काही वर्षं हेच आहे. लांबून आलेल्या म्हाताऱ्या बाया हाताने फेस बाजूला सारतात, ओंजळ भरतात आणि डोक्याला लावतात. एखादी घोटही घेते. मी सांगायला जातो, तर म्हणतात, "माउलीचं पाणी आहे, बाबा." पुढे काय बोलणार?

तो फेस तुझ्या टेम्पोचा आहे असं मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी आहे, कारखाने आहेत, मला ठाऊक आहे. पण मोठे सोडतात म्हणून माझ्या दोन बादल्यांनी काय होतं, हे वाक्य मी नोकरीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते तुझ्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही. हेच पाणी आळंदीहून तुळापूरला भीमेत जातं, तिथून उजनीत, तिथून पंढरपूरला. ताई कार्तिकीला चंद्रभागेचं पाणी बाटलीत भरून आणते आणि देव्हाऱ्यात ठेवते. एवढंच लक्षात ठेव.

आता कामाचं बोलतो. फिल्टर हाउसमध्ये आयुष्य गेलं माझं, पाण्याचा स्वभाव थोडाफार कळतो.

गणपतीत तुझी जोडणी पाहिली. ताडपत्रीची कड उचलून तू पाणी एका कोपऱ्यात आणतोस, ते छान. पण तिथून मडपंपाने उचलून थेट तेल वेगळं करायच्या टाकीत टाकतोस, तिथेच सगळं बिघडतं. जोरात फिरणारा पंप तेलाच्या थेंबाचे हजार बारीक थेंब करतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याला वर यायला चौपट वेळ लागतो. तुझ्या त्या छोट्या टाकीत पाणी तेवढा वेळ थांबतच नाही. म्हणून तुझं पाणी पांढुरकं, दुधाळ दिसतं आणि फिल्टर रोज तुंबतो. तुला वाटतं फिल्टर हलका मिळाला. फिल्टर बिचारा तेल पीत बसलाय. उताराने पाणी टाकीत आणता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर डायफ्रॅम पंप लाव, तो हळू उचलतो, घुसळत नाही. टाकीत तिरक्या पट्ट्या बसवून घे, थेंब त्यांना चिकटून मोठे होतात आणि वर येतात. आणि तो स्वस्तातला फेसाळ साबण बंद कर. तेल पाण्यात धरून ठेवणं हाच त्याचा गुण. धुताना तो कामाचा, पण नंतर तोच तुझ्या मुळावर येतो. तेल लवकर सोडून देणारं डिग्रीजर मिळतं, थोडं महाग पडेल.

तेल वर आल्यानंतरची पायरी तुरटीची. तू मूठभर टाकतोस म्हणालास. मूठ म्हणजे किती? एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळव. एकेक लिटर घाण पाणी भरलेल्या बरण्या ओळीने मांड आणि इंजेक्शनच्या सिरिंजने एकीत ५ मिलि, पुढचीत १०, मग १५, असं टाकत जा. एक मिलि म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम होतात. मिनिटभर भराभर ढवळ, नंतर पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश, मग अर्धा तास हात लावू नकोस. ज्या बरणीत कापसाच्या पुंजक्यांसारखा गाळ खाली बसेल आणि वरच्या पाण्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल, तो तुझा डोस. त्याआधी पीएचचा कागद बुडवून बघ. तुरटी सहा ते साडेसातच्या आसपास नीट काम करते. डिग्रीजरचं पाणी बरंच वर असतं, तिथे तुरटी वाया जाते. या पद्धतीने आम्ही पावसाळ्यातलं लाल पाणी पांढरं करायचो. रात्रपाळीला बरण्यांसमोर बसून पुंजके खाली उतरताना बघायला मला फार आवडायचं. तुलाही आवडेल, तुझी नजर तशी आहे.

पुढचं तुला येतंच. आधी ५० मायक्रॉन, मग २०, मग ५ आणि शेवटी कोळसा. तेल नीट गेलं असेल तरच कोळसा टिकतो.

आणि दोन गोष्टी मी विनंती म्हणून सांगत नाही. पहिली, फिरवलेलं पाणी शेवटच्या धुण्याला वापरायचं नाही. दर फेरीला त्यात क्षार वाढत जातात, काळ्या गाडीवर डाग उठतात. दुसरी, ज्या पंपाने आणि ज्या पाइपने ट्रक धुतोस, त्याने सोसायट्यांच्या पिण्याच्या टाक्या धुवायला जायचं नाही. कधीच नाही. "आत स्वच्छ पाणी मारून घेतो" हे मला सांगू नकोस. लोक ते पाणी पितात, तान्ही मुलं पितात. टाक्यांसाठी वेगळा पंप आणि वेगळा पाइप ठेव, आणि ते परवडेपर्यंत ते काम घेऊच नकोस.

रागावून लिहितोय, कळतंय मला. पण याच्या पुढचं रागाने लिहिता येत नाही.

घाण पाणी रात्रभर बंद टाकीत राहिलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो वायू आहे. जास्त झाला की नाकाला वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गेला. तो गेलेला नसतो, नाक मेलेलं असतं. तू गाळ काढायला डोकं आत घालून टाकी खरवडतोस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आत वाकायचं नाही. तळाला कॉक बसवून घे, टाकीचं बूड उतरतं ठेव, रोज संध्याकाळी गाळ कॉकने डब्यात उतरव आणि टाकी उघडी ठेवून झोप. टाक्या साफ करायला उतरलेले किती जण वर आले नाहीत, ते आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्यांच्या घरीही कोणी मामा असेल. आणि फरशीचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका खोक्यात ठेवू नकोस, एकत्र आले तर क्लोरीन सुटतो.

पुन्हा गाळावर येतो, माझं मन तिथेच अडकलंय.

नदीत सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस किती चालतं? १९८६ च्या नियमांप्रमाणे लिटरला १० मिलिग्रॅम. तुझ्या ५०० लिटरच्या टाकीचा हिशेब कर. पाच ग्रॅम होतात, म्हणजे चहाचा एक चमचा. एका ट्रकच्या चॅसीवरून त्याहून जास्त निघतं. म्हणून १९७४ च्या पाणी कायद्याचं नाव मी तुला घाबरवायला काढत नाही, हा चमचा डोळ्यांसमोर ठेव. रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराला कुठेही शुद्धीकरण नसतं, ते सरळ नाल्याला मिळतं. तेलकट गाळ २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्यात येतो. तो झाकणाच्या ड्रममध्ये साठव, वर तारीख लिही, पावती ठेव. रांजणगावला अशा कचऱ्याची सामायिक सोय आहे. वरचं निथळलेलं तेल परवानाधारकालाच दे, टपरीवर विकू नकोस. याला पैसे लागतील. ते ट्रकमागे दरात धर आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांग की यातले एवढे गाळाचे. काही जण तुटतील, तुटू देत. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि ५००० रुपये दंड ठेवला. आपल्याकडेही उन्हाळे तसेच येताहेत. तशी बंदी इथे येईल त्या दिवशी ज्याची जोडणी खरी असेल, त्यालाच लोक बोलावतील.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. दाजींनी चाकण रस्त्याला रॅम्प टाकला तेव्हा मला म्हणाले होते, "तू पाण्याचं बघ, मी गाड्यांचं बघतो. निम्मं निम्मं." मी नोकरी सोडली नाही. पेन्शन होती, तुझ्या आजीला धास्ती होती आणि मलाही धाडस नव्हतं. रॅम्पच्या मागची तीन कप्प्यांची टाकी त्यांनी स्वतः कुदळ मारून खणली. वर आलेलं तेल पत्र्याच्या डब्यात काढायचे आणि डबा भरला की घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. पहाटे चारला एकटे रॅम्पखाली उतरायचे. मी गेलो असतो तर निदान टाकीचं काम तरी माझ्याकडे असतं. शेवटच्या दुखण्यात उशाशी बसलो होतो तेव्हा हे बोलावंसं फार वाटलं. त्यांनीच विषय बदलला, तुझ्या दहावीचं विचारलं.

म्हणून तू धंदा काढलास तेव्हा सगळे नाक मुरडत होते आणि मी गप्प होतो, ते नापसंतीने नव्हतं. मला जे जमलं नाही ते तू पंचविशीत केलंस. कर्ज काढलंस, स्वतः पाइप जोडलेस, कुणाला विचारत बसला नाहीस. तुझा अभिमान वाटतो मला.

तू त्या पुलावर होतास की नव्हतास, ते मला कळवू नकोस. मी परत विचारणार नाही. रात्री अकराला अंग मोडून आल्यावर दोन बादल्या गाळ घेऊन कुठे जायचं, हे तुला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगू शकणारा मी इथे जवळच होतो.

आता असं करू. ड्रम मी घेऊन देतो, डायफ्रॅम पंपाला थोडे पैसे देतो, परतीचं बोलायचं नाही. प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात अर्ज घेऊन मीच जातो. तिथे रांगेत उभं राहायला तुला वेळ नाही, मला आहे. येत्या रविवारी टेम्पो घेऊन ये, बरण्या मी माळ्यावरून काढून ठेवतो. दुपारी धुण्याचं काम असेल तर मीही बसतो बरोबर, पाइप धरायला उपयोगी पडेन.

मामी म्हणते, जेवायलाच ये, डब्याचं खाऊन येऊ नकोस. तुझ्या बोटांना भेगा पडल्यात, ते तिने गणपतीतच पाहिलं होतं. रबरी हातमोजे घाल आणि रात्री खोबरेल लाव. ताईला यातलं काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. तिला मात्र आज फोन कर, आठवड्यात केला नाहीस म्हणत होती.

तुझा,
मामा