वाघबारशीचं काम अंगावर घेतलंस ना? मग ऐक

पोरी, यंदाची वाघबारस मनवेलपाड्यातल्या मंडळींनी तुझ्यावर सोपवली म्हणे. ऐकून बरं वाटलं. लहानपणी जेवणाच्या पंगतीत सगळ्यांच्या आधी बसायचीस, आता सगळ्यांना बसवून शेवटी बसायचंय. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूकडून पोटासाठी विरारला उतरलेली आपली वारली माणसं या एका दिवसाची वाट बघतात. म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवते. वहीत लिही, मोबाइलात नको. ऐन वेळी बॅटरी संपते.

१. तारीख, मंडप, जेवण यातलं काहीही ठरवायच्या आधी नारळ घेऊन भगताकडे जा — भगताला शेवटी विचारणारा मंडप दोनदा बांधतो.

२. आश्विन वद्य द्वादशी म्हणजे द्वादशीच, जवळचा रविवार नव्हे. कंपनीत जाणाऱ्यांसाठी नाच रात्री आठला ठेव, पण पूजा त्याच दिवशी होऊ दे — एकदा सोयीने वार सरकला की पुढच्या वर्षी प्रत्येकाची सोय वेगळी निघते.

३. शेजारच्या इमारतींत त्याच संध्याकाळी वसुबारस असते, गाय-वासराची पूजा असते. त्यांच्या वेळा विचारून घे आणि आपल्या सांग — गुरं राखायला त्यांचीही प्रार्थना आणि आपलीही, मग रस्त्यावरून भांडायचं कशाला?

४. वाघोबाचा दगड किंवा कोरलेली फळी जिथे आहे तिथून हलवायची नाही. मंडपाची शोभा वाढेल असं कोणी म्हणालं तरी नाही — तो शिवेचा राखणदार, त्याची जागा शिवेवर. सकाळी आपण त्याच्याकडे जायचं, संध्याकाळी पाड्यात जमायचं.

५. स्थान तुंगारेश्वरच्या बाजूला रानात असेल तर वनखात्याला आधी लेखी कळव, आणि तिथे चूल पेटवू नकोस. ते २००३ पासून अभयारण्य आहे, आत आग लावणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे — रानाच्या देवाला जाताना रान जाळलं तर तो देव कोणाचा उरला?

इथे जरा थांबते, कारण तुझ्या वयाची पोरं हमखास विचारतात की गुरं नाहीत, गोठा नाही, मग शहरात वाघोबा कशाला. २०२४ साली वसईच्या किल्ल्यात बिबट्या येऊन राहिला होता, आठवतं? पिंजऱ्यात येईपर्यंत कित्येक दिवस लोक अंधार पडला की तिकडे फिरकत नव्हते. तो आपल्या अंगणात आला असं शहर म्हणालं. आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं की अंगण दोघांचं आहे. वारल्यांच्या वाघोबाच्या स्थानांचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२१ साली आपलं काम छापलं. त्यांना महाराष्ट्रात दीडशेच्या आसपास स्थानं सापडली. आरे कॉलनीत, मुंबईच्या पोटात, आजही वाघबारस होते. तेव्हा गुरं नसली तरी वाघ आहे, आणि त्याच्याशी बोलायची रीत आपल्याकडे आहे. हे पोरांना मंडप बांधताना सांग, भाषणात नको.

६. गावाकडून एक तरी खरा गुराखी बोलाव आणि पहिलं पान त्याला वाढ — सण मुळात त्याचा. आपण सगळे त्याच्या मागून आलेले.

७. वाघाच्या सोंगासाठी शांत डोक्याचा पोरगा निवड, सगळ्यात दांडगा नको. त्या वाघाला पळवून लावताना खऱ्या काठ्या नकोत, गळ्यात दोर तर अजिबात नको — खेळातली जखम सणाच्या नावावर लागते.

८. त्याच्या अंगाला गेरू आणि कोळसा लाव, दुकानातला ऑइलपेंट नको — रात्री रॉकेलने पोरगं घासत बसणारी आई पुढच्या वर्षी पोराला पाठवत नाही.

९. बोहाड्याचे मुखवटे या दिवशी मागवू नकोस, कितीही देखणे असले तरी. जव्हार-मोखाड्यात ते होळीनंतरच्या दिवसांत, पूजा करून निघतात — एका देवाच्या दिवशी दुसऱ्याची सोंगं नाचवली की दोन्हीकडचे म्हातारे रुसतात, आणि त्यांचा रुसवा रास्त असतो.

१०. मागच्या पडद्यावर चित्र हवं तर तारप्याचा फेर काढ. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी काढायची नाही — तिला सवाशिणी लग्नघरच्या भिंतीवर काढतात आणि धवलेरी गाण्यातून बोलावते, ती मंडपाच्या कापडासाठी नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी आपलं चित्र कागदावर नेलं, जगभर नेलं, २०११ साली पद्मश्री मिळाली. तरी चौक तो चौकच राहिला.

आता तारप्याचं. सगळ्यात जास्त लक्ष इथे घाल, कारण मंडप पडला तर पुन्हा उभा राहील, तारपकरी रागावून गेला तर सण तिथेच संपला.

११. तारपकऱ्याला नवरात्राच्या आधी सांगून ठेव, आणि फोनवर नको, घरी जाऊन — नवं पीक दिसायला लागल्यापासून दिवाळीपर्यंत त्याला दहा पाड्यांची बोलावणी असतात.

१२. तारपा उन्हात, हॅलोजनखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू देऊ नकोस — दुधी, बांबू आणि ताडाचं पान मेणाने जोडलेलं असतं, मेण सुटलं की सूर सुटला.

१३. वाजवणारा श्वास न तोडता वाजवतो. तासाभराने त्याला बसव, कोमट पाणी दे, आणि बिडी ओढणाऱ्यांचा घोळका त्याच्यापासून लांब ठेव. दुसरा तारपकरी मिळाला तर सोन्याहून पिवळं — एकाच्या छातीवर अख्खी रात्र टाकायची नसते.

१४. चाळा, म्हणजे तारप्याची चाल, कोणता, कधी बदलायचा, हे तारपकरीच ठरवणार. फर्माईशीच्या चिठ्ठ्या त्याच्यापर्यंत पोचूच देऊ नकोस — फेर त्याच्याकडे बघून वळतो, प्रेक्षकांकडे बघून नाही.

१५. शहरात वाढलेल्या पोरांना आधी चार संध्याकाळी बोलावून पावलं शिकव, आणि तारप्याला पाठ करायची नाही हे सगळ्यात आधी सांग. घुंगुरकाठी मात्र जाणत्याच्याच हाती — काठी चुकली की रांग चुकते.

१६. तारप्यासमोर माइक लावायचाच तर एकच, लहानसा. डीजे नको म्हणजे नको. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, वस्तीत दिवसाही ५५ डेसिबलची मर्यादा, हा २००० सालचा नियम आहे — आणि नियम नसता तरी डीजेपुढे तारपा ऐकू आला असता का?

१७. पोलीस ठाणं, महापालिका, जागेचा मालक, या तिघांचे कागद महिनाभर आधी घाल, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. तोंडी होकार भिंतीला सांगावा आणि कागदी होकार फाइलला लावावा — साहेब बदलतो, शिक्का राहतो.

१८. वर्गणी जमवायची तर धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क खालची परवानगी काढ. पावतीपुस्तक एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे — दोन हातांत विभागलेला पैसा भांडण लावत नाही.

१९. हिशोब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांपुढे वाचून दाखव, उरलेल्या शेंगदाण्यासकट. मिटलेली वही तोंडं उघडते.

२०. पुढाऱ्यांना प्रेमाने बोलाव, चटईवर बसव, पोटभर जेवू घाल. माइक मात्र देऊ नकोस. मागण्या, मोर्चे, वनहक्काच्या गोष्टी यांच्यासाठी ९ ऑगस्टचा आदिवासी दिन आहे, तिथे घसा बसेपर्यंत बोलू — वाघबारशीला देवाचं गाऱ्हाणं तेवढं मोठ्याने म्हणायचं.

२१. देवाला धार पडेल, ती भगताच्या हातून, रीतीपुरती. माणसांसाठी बाटली आवारात येणार नाही हे आधीच घरोघरी सांग — एका झिंगलेल्यामुळे अख्ख्या समाजाला नाव पडतं. इंग्लंडातल्या स्टोनहेंजच्या जुन्या दगडांपाशी निसर्गपूजक मंडळी उन्हाळ्यातला सर्वात मोठा दिवस साजरा करतात. तिथेही ध्वनिक्षेपकावरचं संगीत चालत नाही, आणि २०१६ पासून दारूही बंद केली. त्यांचा सूर्य काही रुसला नाही.

२२. कोंबड्याचा मान देवाच्या स्थानावरच, भगताच्या हाताने. पाड्यातल्या इमारतीखाली नको — जिन्यावरून शाळेची पोरं आणि माळकरी म्हाताऱ्या उतरत असतात, त्यांचंही मन सांभाळायचं.

२३. भगताच्या अंगात वारं आलं की मोबाइल खाली. हे काम दोन थोराड बायकांवर सोपव, पोरांवर नको — मावशीने डोळे वटारले की कॅमेरा आपोआप खिशात जातो.

२४. शंभर माणसांना बारा ते पंधरा किलो तांदूळ धर, आपल्याकडे भातच जेवतात. नव्या तांदळाचा पहिला घास देवाला, धान्यदेवी कणसरीचं नाव घेऊन, मगच पंगत — घाई करणाऱ्याला थोडा भुकेला ठेवला तरी चालतो.

२५. पत्रावळी आणि द्रोण पानांचेच आण, गावाकडच्या बायकांकडून, रोख पैसे मोजून. थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून बंदी आहे — शिवाय आपल्या सणाचा पैसा आपल्याच डोंगरात गेला पाहिजे.

२६. बायकांसाठी फिरतं शौचालय आणि दोन दिवे सगळ्यात आधी सांग. मंडपवाल्याला पुरुषांची आठवण राहते.

२७. ताडपत्री आणून ठेव, परतीचा पाऊस कोणाला विचारून येत नाही.

२८. भातकापणीचे दिवस आहेत, साप बाहेर असतो. कोणाला चावला तर १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना, भगताचा अंगारा नंतर — चांगला भगत स्वतःच आधी गाडीत बसवतो, मी तसेच भगत पाहिलेत.

२९. जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही, आणि डहाणूकडची शेवटची गाडी नाच रंगात असतानाच सुटते. पाहुण्यांच्या झोपण्याची सोय आधी कर, घोंगड्या मोजून घे — झोपायची जागा ठरवून बोलावलेला पाहुणाच पुढच्या वर्षी परत येतो.

३०. दुसऱ्या दिवशी मैदान झाडायला तू स्वतः पहिली जा. न सांगता दहाजणं येतील.

३१. गुराखी, भगत आणि तारपकरी यांना दारापर्यंत सोडायला गाडी ठरव, आणि बरोबर नवे तांदूळ, नारळ आणि ठरलेली दक्षिणा दे. पाकीट सगळ्यांसमोर नको, त्यांच्या घरच्या बाईच्या हातात द्यायचं — तिने शेत आणि गुरं एकटीने सांभाळली, तेव्हा तो रात्रभर इथे वाजवत होता. तिथेच पुढच्या वर्षीचं आमंत्रण देऊन टाक, आणि मला गाडीत एक जागा ठेव.