बरणीचं झाकण

रत्नागिरी

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. बिअरच्या यीस्टची काचेची बरणी फुटून तुझ्या भुवईवर टाके पडले, हे तिला तुझ्या खोलीतल्या मुलाकडून कळलं. तिला तू दारावर आपटलो म्हणून सांगितलंस. अरे, बोटभर खाली लागलं असतं तर? मला झोप नाही.

यीस्ट जिवंत असतं. फ्रीजमध्ये ते मरत नाही, मंदावतं. तळाच्या गाळात थोडी साखर उरलेली, त्यात लाइट गेली, फ्रीज कोमट झाला, की ते पुन्हा खायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. झाकण तू पिळून घट्ट लावलेलं. वायूने जायचं कुठे? झाकण नुसतं टेकवायचं, फिरवायचं नाही. हे एवढं तरी ऐक.

शिवाय परवान्याचं काय? 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, घरी बिअर करणं हा गुन्हा ठरतो. शिकायचंच असेल तर तू पुण्यात आहेस. 2009 साली तिथे डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, आता आणखीही ब्रुअरी आहेत. एखाद्या ठिकाणी उमेदवारी कर. पिंपं धुवायला लावतील, धू.

रागावून लिहितोय, पण तुझ्या हातात हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आबा माडी ओतून घेतली की मडकं घासत नसत. तळाशी राहिलेल्या गाळानेच दुसऱ्या दिवशीचा रस फसफसायचा. नीरा हवी असेल तेव्हाच मडकं स्वच्छ धुऊन आतून चुना लावायचे. आणि मडक्याचं तोंड त्यांनी कधी गच्च बांधलं नाही. कॉलेजात असताना वडील माडी काढतात हे सांगायची मला लाज वाटायची. पुढे शिकवायला लागल्यावर, यीस्टवर मिथिलीन ब्लू घातलं की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत तशाच राहतात, हे मी मुलांना वर्षानुवर्षं दाखवलं. आबांना मात्र त्या सूक्ष्मदर्शकापाशी एकदाही बसवलं नाही. त्यांच्याच मडक्यातला थेंब त्यांना बघायला मिळाला असता. फार रुखरुख लागते रे. तू तुझं हे यीस्टचं काम ताईपासून लपवू नकोस.

गाळ ठेवायची रीत सांगतो, म्हणजे ब्रुअरीत गेल्यावर नवखा वाटणार नाहीस. बिअर काढून घेतली की गाळात उकळून गार केलेलं पाणी घालून हलवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. हॉप्सचा चोथा आधी खाली बसतो. वरचं गढूळ पाणी उकळून घेतलेल्या दुसऱ्या भांड्यात ओतायचं. थंडीत राहिलं की थर दिसतात: वर पातळ बिअर, मधे सायीसारखा पांढुरका थर, तळाशी मातकट. मधला थर कामाचा. तो दोनेक आठवड्यांत वापरावा, कारण ठेवल्या ठेवल्या पेशी मरत जातात. वास पावासारखा यायला हवा, कुजका आला तर जीव न गुंतवता ओतून द्यावं. तेच ते यीस्ट किती वेळा फिरवायचं यालाही मर्यादा असते, दर खेपेला बाहेरचे जंतू शिरायची भीती वाढते. कार्ल्सबर्गमध्येही रानटी यीस्ट शिरून बिअर बिघडायची, म्हणून तर 1883 साली एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे जड गेलं, ते तुझ्या खोलीतल्या फ्रीजमध्ये सोपं कसं असेल?

पण हे सगळं नंतर. दुसरी बरणी असेल तर तीही तशीच घट्ट असणार. आधी चष्मा घाल, तोंड लांब ठेव, वर जाड टॉवेल टाक आणि मगच हात लाव. नाहीतर नकोच, घरमालकांना बोलाव, माझं नाव सांग.

टाके कधी काढणार आहेत ते कळव. डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे, पैसे आजच पाठवतो. धूसर दिसत नाही ना? खरं सांग. मग सुट्टी काढून इकडे ये. सूक्ष्मदर्शक माळ्यावरून काढून पुसून ठेवतो. तुझं यीस्ट थोडं घेऊन ये, दोघं बघू. नाही, नको, एसटीत बाटली नकोच. तू ये.

तुझा,
मामा