डिझेलचा धूर आणि आपल्या लेकरांचा श्वास

भेटीच्या रविवारी विद्यालयाच्या फाटकापाशी पालकांच्या वाहनांची रांग लागते. पाल्य वसतिगृहातून बाहेर येईपर्यंत कित्येक वाहनांची इंजिने सुरूच असतात आणि निरोप घेणारी लहान मुले नेमकी त्या धुरापाशी उभी राहतात. हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. त्यात काही वावगे आहे, हे आम्हांलाही फार उशिरा उमगले. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विषय माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

हवेचे प्रदूषण म्हणजे दिल्ली-मुंबईचा प्रश्न, असा आपला समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र शासनाने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची राष्ट्रीय मानके पूर्ण न करणाऱ्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांची नावे होती. याला रस्त्यांवरील धूळ, जाळला जाणारा कचरा आणि कोळशाचा धूर हीदेखील कारणे आहेत. सर्व दोष डिझेलवर ढकलणे न्यायाचे होणार नाही. तथापि डिझेलचा धूर उंच चिमणीतून नव्हे, तर माणसाच्या अगदी जवळून, लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर बाहेर पडतो. म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटर एकेरी मार्गिकेचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. वऱ्हाडाला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चांगल्या रस्त्यावर वाहने वाढतात, आणि त्या वाहनांच्या धुराची नोंद कोणत्याही विक्रमाच्या वहीत होत नाही. ती रस्त्याकाठच्या माणसांच्या फुप्फुसांत होते.

डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाते. त्या दाबाने ती तापते आणि तीत फवारलेले इंधन पेट घेते. इंधनाच्या थेंबांना जेथे पुरेसा प्राणवायू मिळत नाही, तेथे काजळी तयार होते. जेथे तापमान फार वाढते, तेथे हवेतीलच नायट्रोजन व प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात की नाक व घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. नायट्रोजन डायऑक्साइडमुळे श्वासनलिकांना सूज येते. परिणामी दमा बळावतो, हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे.

लहान मुलांचा श्वास जलद असतो आणि त्यांची फुप्फुसे वाढीच्या वयात असतात. म्हणून हानी त्यांनाच अधिक होते. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची दमेकरी मुलगी 2013 मध्ये मरण पावली. डिसेंबर 2020 मध्ये तेथील मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद केली. आपल्याकडे अशी नोंद होत नाही. मूल हिवाळाभर खोकत राहते आणि आपण ‘हवा बदलली’ एवढे म्हणून गप्प बसतो. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर जात नाही, धूर तिच्यातच कोंडून राहतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

नवे वाहन निर्धोक असते काय? 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आली आणि नव्या मोटारींत काजळी अडविणारी गाळणी आली. ही प्रगती खरीच आहे. मात्र जुनी वाहने रस्त्यावर आहेतच. शिवाय 2015 मध्ये फोक्सवॅगन कंपनीची लबाडी उघड झाली. चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी संगणकीय प्रणाली तिने आपल्या डिझेल मोटारींत बसविली होती. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केलेल्या तपासणीनंतर भारतातही सुमारे 3 लाख 23 हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलविण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. कागदावरील धूर आणि रस्त्यावरील धूर यांत अंतर असू शकते, हा यातून घ्यावयाचा बोध होय.

या प्रश्नाला न्यायाचीही बाजू आहे. बंद काचांच्या मोटारीत बसणारा धूर मागे सोडून पुढे निघून जातो. चौकातील भाजीवाली, काळी-पिवळीचा चालक, फाट्यावर बसची वाट पाहणारा विद्यार्थी यांना मात्र तो दिवसभर घ्यावा लागतो. उन्हासाठी बांधलेला दुपट्टा धूळ अडवील. हे सूक्ष्म कण त्यातून पार होतात. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे म्हटले आहे. स्वच्छ श्वास ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. आणि जो आपला हक्क, तोच दुसऱ्याप्रती आपले कर्तव्य.

म्हणून आमची विनंती साधी आहे. फाटकापाशी वाहन थांबताच इंजिन बंद करावे. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र केवळ दंड टाळण्यासाठी घेऊ नये. काळा धूर दिसताच वाहन दुरुस्त करून घ्यावे. एका गावाहून येणाऱ्या पालकांनी एकाच वाहनाने यावे. शक्य तेथे एसटी वा रेल्वेने यावे. खोकला व धाप वारंवार होणाऱ्या मुलाला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. जे माजी विद्यार्थी आज नगरसेवक, अभियंते, डॉक्टर वा शिक्षक आहेत, त्यांनी आपल्या शहरातील हवेच्या नोंदी मागाव्यात आणि त्या लोकांना समजावून सांगाव्यात.

पुढच्या भेटीच्या रविवारी आम्ही फाटकापाशी उभे असू. किल्ली फिरवून इंजिन बंद करण्यास क्षणभरही लागत नाही. त्या क्षणाची आम्ही प्रत्येक पालकाकडून अपेक्षा करतो.