घाण्याची वही

पिशोरमध्ये आम्ही बचत गटाच्या सहाजणी करडई आणि खोबरेल तेलाचा साबण करतो. नणंदेची मुलगी जर्मनीत असते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमच्या साबणाचा स्टॉल लावायचं तिने मनावर घेतलं आणि मला युरोपचा कायदा शिकावा लागला. दोन वर्षं त्यात गेली. कन्नड तालुक्यातले इतर गटही विचारतात, म्हणून हाताला लागलं ते मांडते.

१. आधी घरचा परवाना. साबण आपल्याकडेही कॉस्मेटिकच आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो.

२. तिकडे जबाबदार कोण, ते ठरवा. युरोपचा १२२३/२००९ हा कायदा जुलै २०१३ पासून पूर्ण लागू आहे. प्रत्येक वस्तूमागे युरोपातली एक ‘जबाबदार व्यक्ती’ लागते आणि तिचं नाव-पत्ता वेष्टनावर छापावा लागतो. पोरगी म्हणाली, “मामी, मी आहे ना!” मी नको म्हटलं. कुणाच्या अंगावर पुरळ उठलं तर सरकारी माणूस त्याच पत्त्यावर जाणार. नोकरी करणाऱ्या लेकीवर हे ओझं टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही पैसे देऊन हे काम करणाऱ्या तिथल्या संस्थेशी लेखी करार केला. धंद्यासाठी फुकट नमुने वाटले तरी हाच कायदा लागतो, हेही तेव्हाच कळलं.

३. घाण्याची वही ठेवा. सगळ्यात जास्त दम इथे लागला. आमची कृती ‘मूठभर हळद, अंदाजाने अत्तर’ अशी. पण सुरक्षा अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञाला, म्हणजे औषधशास्त्र, विषशास्त्र किंवा वैद्यक शिकलेल्या माणसाला, प्रत्येक घटक वजनाच्या टक्क्यांत हवा आणि बेरीज बरोबर शंभर. त्यांनी पुढे विचारलं, हे खोबरेल कोणत्या डब्यातलं? आमच्याकडे व्यापाऱ्याचं नुसतं बिल होतं. लॉट नंबर नाही, तपासणीचा कागद नाही. तो अख्खा घाणा आम्ही गावातच वापरला. आता एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आहे. कॉस्टिक सोड्याचं पाणी करताना एकजण वजन सांगते, दुसरी वहीत लिहिते. तारीख, डब्याचा नंबर, तेल किती गरम होतं, साच्यातून वडी केव्हा काढली, सगळं. तोच घाण्याचा नंबर वेष्टनावर. हळदही सुटी घेणं सोडलं, कारण पिवळेपणासाठी शिसं असलेला रंग मिसळलेली हळद बाजारात सापडते. आता तपासून घेतलेलीच वापरतो.

४. सुगंधाचा हिशेब करा. आम्ही गवती चहाचं तेल घालतो. १०० ग्रॅमच्या वडीत एक ग्रॅम तेल, आणि त्यात ७०० मिलिग्रॅमच्या आसपास सिट्रल. काहींना सिट्रलची अ‍ॅलर्जी होते. धुऊन टाकायच्या वस्तूत ते ०.०१ टक्क्याच्या वर, म्हणजे आमच्या वडीत १० मिलिग्रॅमच्या वर असलं, तर नावानिशी छापावंच लागतं. अंगाला लावून ठेवायच्या क्रीमला मर्यादा आणखी कडक, ०.००१ टक्का. अशा घटकांची यादी २०२३ मध्ये ऐंशीच्या वर गेली. नव्या वस्तूंना ती ३१ जुलै २०२६ पासून लागू.

५. ‘बरं करतो’ म्हणू नका. आमच्या पहिल्या वेष्टनावर ‘खाज-खरूज बरी होते’ असं होतं. तसं लिहिलं की तिकडे ते औषध ठरतं आणि औषधाचे नियम लागतात. कायद्याने सगळ्यांनाच जे बंधन आहे, त्याची फुशारकीही चालत नाही. प्राण्यांवर चाचणी केलेलं कॉस्मेटिक तिथे २०१३ पासून विकताच येत नाही, मग ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ असं मिरवायचं कशाला? आम्ही ‘आंघोळीचा साबण’ एवढंच ठेवलं, जर्मनमधून.

६. नोंदणी शेवटी. युरोपच्या पोर्टलवर ती फुकट होते आणि एकदाच केली की सत्तावीसही देशांना चालते. ब्रिटन आता वेगळं. तिथली नोंदणी आणि जबाबदार व्यक्ती दोन्ही स्वतंत्र.

७. शेवटचा घाणा बाजारात गेल्यापासून दहा वर्षं त्या वस्तूची फाइल जपावी लागते. फाइल त्या संस्थेकडे आहे. वही आणि प्रत्येक घाण्याच्या दोन वड्या माझ्याकडे, सासूबाईंच्या लोखंडी पेटीत. पेटी उघडली की खोलीभर गवती चहा दरवळतो.