घर तेच, मग विम्याचा हप्ता काऊन वाढला?

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत आपल्या एका ताईंनी पासबुक पुढं केलं आणि म्हणाल्या, "घर तं तेच हाय, एक वीट वाढवली नाही. मंग विम्याचे पैसे काऊन जास्त कापले वो?" बैठकीत कोणालाच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. म्हणून या अंकात हाच पाठ घेऊ.

आपल्या मेडशी परिसरात घराचा विमा कोणी हौसेनं काढत नाही. घरकर्ज किंवा दुकानाचं कर्ज घेतलं की बँक तो जोडून देते आणि दरवर्षी खात्यातून पैसे जातात. कागद घरी येतो, पत्र्याच्या पेटीत जातो, आणि हप्ता वाढला की मगच त्याची आठवण होते. रागाच्या भरात "बंदच करून टाका" म्हणणाऱ्याही बाया आहेत. थांबा. आधी पेटी उघडा.

पहिली गोष्ट, तो विमा घराचाच आहे का ते पाहा. कर्जासोबत दोन वेगळे विमे असू शकतात. एक घराचा: आग लागली, वीज पडली, वादळात पत्रे उडाले तर कामी येणारा. दुसरा कर्जदाराच्या जिवाचा: कर्ज घेणारा माणूस गेला तर उरलेलं कर्ज फेडणारा. दोन्हीला लोक "लोनचा विमा" म्हणतात आणि तिथंच गोंधळ होतो. जिवाच्या विम्यावर घराचे पत्रे मिळत नाहीत.

आता हिशोब. कागदावर "विमा रक्कम" असा आकडा असतो. मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा कागद शेजारी ठेवा. समजा मागच्या वर्षी विमा रक्कम ९ लाख होती आणि हप्ता ५४० रुपये. म्हणजे हजाराला ६० पैसे. या वर्षी हप्ता ७८० रुपये झाला. विमा रक्कम पाहिली तर १३ लाख! १३ लाखांना ७८० म्हणजे हजाराला ६० पैसेच. दर वाढलाच नाही, रक्कम वाढली. पण विमा रक्कम ९ लाखच असून हप्ता ७२० झाला असेल, तर हजाराला ८० पैसे झाले. म्हणजे कंपनीनं दर वाढवला, नाहीतर एखादं जास्तीचं संरक्षण जोडलं. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या कागदावरचे वेगळे असतील. जीएसटी बाजूला ठेवून हिशोब करा.

रक्कम १३ लाख कशी झाली? इथं बहुतेक वेळा चूक सापडते. ६०० चौरस फुटांचं घर, बांधायला फुटाला १५०० रुपये धरले तर ९ लाख लागतात. प्लॉटची किंमत ४ लाख. कोणीतरी दोन्हीची बेरीज करून कागदावर टाकली. पण बायांनो, प्लॉट जळतो का? वावधनात उडून जातो का? विमा बांधकामाचा असतो, पडलं तर पुन्हा बांधायला जेवढा खर्च येईल तेवढ्याचा. जमिनीवर भरलेला हप्ता पाण्यात. असं दिसलं तर बँकेत लेखी अर्ज द्या आणि रक्कम दुरुस्त करून मागा.

उलटी चूकही करू नका. हप्ता कमी यावा म्हणून ९ लाखांचं घर ५ लाखांचं लिहिलं, तर सगळं घर गेल्यावर ५ लाखांच्या वर हाती येणार नाही. सिमेंट, लोखंड, मिस्त्रीची मजुरी वाढली म्हणून रक्कम थोडी वाढली असेल, तर ती वाढ खरी आहे.

दर वाढला असेल तर दुसऱ्या कंपनीकडं विचारा. बँकेला तारण म्हणून घराचा विमा लागतो, हे खरं. पण अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती करता येत नाही. विचारताना "भारत गृह रक्षा" हे नाव घ्या. १ एप्रिल २०२१ पासून घराचा अग्निविमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते, अटी सगळीकडं त्याच. त्यामुळं दोन कंपन्यांचा हप्ता सरळ ताडून पाहता येतो. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, एवढंच काय जंगलातला वणवाही त्यात धरला आहे. आपल्या जंगलकाठच्या वस्त्यांना हे कामाचं. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला संरक्षण आपोआप मिळतं. आणि ही पॉलिसी एकदम १० वर्षांपर्यंतची घेता येते. जास्त वर्षांची घेतली की तेवढी वर्षं हप्ता वाढायचं भय नाही, फक्त पैसे एकदम भरावे लागतात.

"सरकार देतेच ना नुकसान, मंग विमा कायले?" हाही प्रश्न येतो. देतं, पण किती ते ऐका. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. थोडं पडलं तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००, जनावरांच्या कोठ्याला ३,०००. तलाठ्याकडून पंचनामा करून हे जरूर घ्या, तो आपला हक्क आहे. पण ६,५०० रुपयांत किती टीन येतात, ते मालेगावच्या दुकानात विचारून पाहा.

हप्ते वाढतात का, हे समजायला आपल्या ओळखीचं उदाहरण आहे. दर मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापले जाणारे दोन विमे. २०१५ मध्ये सुरू झाले तेव्हा जीवन ज्योती ३३० रुपयांना आणि सुरक्षा विमा १२ रुपयांना होता. १ जून २०२२ पासून ते ४३६ आणि २० झाले. तेव्हा सरकारनं हिशोब मांडला होता: ३१ मार्च २०२२ पर्यंत सुरक्षा विम्यात १,१३४ कोटी रुपये हप्ते जमा झाले आणि २,५१३ कोटी दावे दिले गेले. जीवन ज्योतीत ९,७३७ कोटी आले, १४,१४४ कोटी गेले. आपल्या गटात बचतीपेक्षा वाटप दुप्पट झालं तर पेटी किती दिवस चालेल? तसंच ते. म्हणून कोणतीही वाढ निमूट सोसा, असं माझं म्हणणं नाही. एक रुपयाचा पीकविमा २०२५ च्या खरिपात बंद झाला आणि सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्के आले, तेव्हा मलाही राग आला होता.

पण रागानं विमा तोडला तर नुकसान आपलंच. घराच्या पॉलिसीची तारीख उलटली की मधल्या दिवसांत जे घडेल ते आपल्या पदरात. जीवन ज्योती सुटली आणि पुन्हा सुरू केली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या कारणानं मृत्यू झाल्यास दावा मिळत नाही. बऱ्याच जणींचा हा विमा रागानं नाही, तर मे महिन्यात खात्यात पैसेच नसल्यानं सुटतो. पेरणीच्या तोंडावर खातं रिकामं असतं, हे काय मी तुम्हाला सांगावं!

यावर आमच्या गटानं एक सोपा उपाय केला. दोन्ही विम्यांचे ४५६ रुपये, म्हणजे महिन्याला ३८. घराच्या विम्याचे ५४० असतील तर महिन्याला आणखी ४५. ही रक्कम नेहमीच्या बचतीसोबत पण वेगळ्या रकान्यात लिहायची आणि तिच्यातून अंतर्गत कर्ज द्यायचं नाही. एखादीला तेही जमत नसेल, तर ग्रामसंघाच्या बैठकीत जोखीम प्रवणता निधीतून मदत मागण्याचा ठराव मांडा.

एक विमा मात्र तुम्हाला हप्ता न भरता आहे. नोंदणी केलेल्या गॅस ग्राहकाच्या घरी सिलिंडरचा अपघात झाला, तर तेल कंपन्यांच्या विम्यातून मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत आणि मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये मिळू शकतात. अपघात होताच गॅस एजन्सीला लेखी कळवायचं आणि नळी आयएसआय शिक्क्याचीच वापरायची.

बँक किंवा कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचा १५५२५५ हा नंबर मोफत आहे. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मागून घ्या, वहीत लिहा.

पुढच्या बैठकीला पासबुक आणि विम्याचे दोन्ही वर्षांचे कागद पिशवीत घालून आणा, हजाराला किती पैसे पडतात ते प्रत्येकीचं काढू. चष्मा विसरू नका, कागदावरचं अक्षर लई बारीक असतं.